समाधानाची कपात

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाचा हिशेब २,५०० वर मिटतो. हा व्यवसाय कर. तो कशासाठी सुरू झाला, हे आता फारसे कुणी विचारत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला लाखो हात उभे राहिले. त्या हातांना कायमची कामाची हमी द्यायची, तर पैसा आणायचा कुठून? या प्रश्नाला राज्याने १९७५ मध्ये दिलेले उत्तर म्हणजे हा कर. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून थोडे काढायचे आणि रोजगार हमीच्या कामावरच्या मजुराच्या चुलीपर्यंत पोचवायचे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात जी कल्पना राबवून पाहिली, तिचा १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव गाठीशी होता.

ही कपात काहींना बोचतही असेल. पण ती कागदावर आहे, तिला कारण आहे आणि तिच्यामागे एक कबुली आहे. माणसाला जगण्यापुरते मिळणे ही त्याच्या एकट्याची काळजी नाही, सगळ्यांची आहे, अशी ती कबुली.

आणखी एक कपात आहे. तिला पगारपत्रकात रकाना नाही. ती समाधानाची कपात. काम आवडीचे आहे ना, मग पैसे थोडे कमी चालतील. काम पुण्याचे आहे ना, मग दर कशाला विचारायचा? मुलांत रमतेस, रुग्णांचे आशीर्वाद मिळतात, टाळ्या पडतात, नाव छापून येते, मग आणखी काय हवे? असे म्हणत म्हणत कामाच्या मोबदल्यातून समाधानाची किंमत वजा केली जाते. काम जितके जिव्हाळ्याचे, तितकी ही कपात मोठी.

तिची भाषाही ठरलेली आहे. ज्याला पुरेसा पगार द्यायचा नसतो, त्याला आपण आधी एक गोड नाव देतो. शाळेत नव्याने लागलेला शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’. अंगणवाडीत मुलांना सांभाळणारी, शिकवणारी, खाऊ घालणारी बाई ‘सेविका’. गावात गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन जाणारी, लसीकरणाच्या याद्या ठेवणारी आशा तर ‘स्वयंसेविका’. त्यांना जे मिळते त्याला वेतन म्हणायचे नाही, ‘मानधन’ म्हणायचे. शब्द आदराचा आहे. पण वेतन म्हटले की हक्क येतो, रजा येते, निवृत्तीनंतरचा आधार येतो. मानधन म्हटले की यातले काहीच देणे लागत नाही.

शिक्षणसेवकाचे उदाहरण घ्या. डी.एड. किंवा बी.एड. झालेला, पात्रता परीक्षा देऊन, भरतीची वर्षानुवर्षे वाट पाहून लागलेला हा तरुण. प्राथमिक शाळेत असेल तर त्याला महिन्याला ६,००० रुपये मिळत, माध्यमिकला ८,०००, उच्च माध्यमिकला ९,०००. हे आकडे दशकभर तसेच राहिले. सातारचा मुलगा गडचिरोलीत किंवा पालघरच्या पाड्यावर लागला, तर खोलीचे भाडे, डबा आणि महिन्यातून एकदा घरी जाण्याचे एस.टी.चे तिकीट यांतच ते संपत. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वाढ मोठी दिसते, कारण आधीचा आकडा लाजिरवाणा होता. त्या दहा वर्षांत शिक्षकाने वर्गात मन कमी घातले, असे कुणी म्हणू शकणार नाही. फरक घरच्यांनी भरून काढला.

अंगणवाडी ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. जवळजवळ अर्धे शतक ती ज्या बायकांच्या खांद्यावर चालली, त्यांचे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मान रास्तच होता. करोनाच्या काळात दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या त्याच होत्या. पण त्या सन्मानानंतरही त्यांची कमाई तुटपुंजे मानधन आणि कामागणिक ठरलेल्या रकमा यांची बेरीजच राहिली आणि आपल्या राज्यात त्यांना त्यानंतरही संपावर जावे लागले.

उच्च शिक्षणात हीच कपात आणखी ठळक दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीप्रमाणे नियमित सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गावर, तोच अभ्यासक्रम शिकवणारा, तेवढीच पात्रता असलेला दुसरा प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतो. आयोगाने २०१९ मध्ये अशा अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपयांचा दर सांगितला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये आपला दर वाढवला, तेव्हाही तो १,५०० पर्यंत पोचला नाही. शिवाय पैसे फक्त शिकवलेल्या तासाचे. त्या तासासाठी आदल्या रात्री केलेली तयारी, तपासलेल्या वह्या, मुलांच्या शंकांसाठी व्हरांड्यात थांबलेला वेळ यांचे काही नाही. सुट्टीचे नाही, परीक्षेच्या महिन्याचे नाही. जे मिळायचे तेही अनेकदा सहा-सहा महिने लांबते. सकाळचे तास एका गावात, दुपारचे दुसऱ्या तालुक्यात, मधल्या वेळी स्टँडवर चहा आणि संध्याकाळी खासगी शिकवणी, असा दिवस काढणारे सेट-नेट आणि पीएच.डी. झालेले किती तरी तरुण आणि आता तरुण न राहिलेले लोक या राज्यात आहेत. नोकरी का सोडत नाही, असे त्यांना विचारले, तर उत्तर एकच मिळते. शिकवायला आवडते.

या उत्तराचा आपण मान ठेवायला हवा होता. त्याऐवजी आपण त्याचा फायदा घेतला.

गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचे प्रकरण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांना महिन्याला ३०,००० रुपये मिळत होते. नियमित सहकाऱ्यांइतकेच काम करणाऱ्यांना इतके कमी देणे न्यायालयाला मान्य झाले नाही. सार्वजनिक समारंभांत गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणत राहणे पुरेसे नाही, राष्ट्र आपल्या शिक्षकांना वागवते कसे यात ते दिसले पाहिजे, या आशयाचे बोल न्यायालयाने सुनावले. ते फक्त गुजरातला उद्देशून होते, असे समजण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो महाराष्ट्राच्या इतिहासातूनच येतो. आपली शिक्षणपरंपरा त्यागावर उभी आहे, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. एम.ए.चा अभ्यास करत असलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी आईला कळवले होते, की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने धरू नये. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून आपण सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याचा निश्चय केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर शिकवले आणि १९०२ मध्ये अल्प निवृत्तिवेतनावर ते बाहेर पडले. मग आजच्या शिक्षकानेच पगाराचा आग्रह का धरावा?

उत्तर त्याच इतिहासात आहे. आगरकरांनी व्रत घेतले, त्यांच्यावर ते कुणी लादले नाही. सरकारी नोकरीची वाट त्यांच्यासाठी उघडी होती आणि ती त्यांनी समजून उमजून नाकारली. दुसरे म्हणजे आजीव सदस्य हे संस्थेचे चाकर नव्हते, चालक होते. किती पुरेसे, हे ते आपसांत ठरवत. सदस्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, घरखर्च वाढला तर पगार वाढवावा की नाही, यावर त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्यामागे हा वादही होता. म्हणजे त्यागी माणसांनाही ‘पुरेसे’ किती, हा प्रश्न टाळता आला नव्हता. त्यांनी तो उघडपणे मांडला आणि त्यासाठी मैत्रीही पणाला लावली. आणि गोखल्यांना निवृत्त होताना जे मिळाले ते थोडे असेल, पण निवृत्तिवेतन मिळाले. आजच्या तासिकेवरच्या प्राध्यापकाला तेही नाही.

आपण स्वतः धरला तर तो उपास. दुसऱ्याने ताट काढून घेतले तर ती उपासमार. दोन्हींत पोट रिकामेच राहते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत. आगरकरांचे नाव घेऊन आजच्या शिक्षकाचे ताट ओढणाऱ्याला आगरकर कळलेले नाहीत.

मग पुरेसे म्हणजे किती? हा प्रश्न ज्याच्या त्याच्या हावेवर सोडून देण्याची गरज नाही. देशाने त्याचे माप घालून दिलेले आहे. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढायचे, हे बसून ठरवले. कमावणारा, त्याची बायको आणि दोन मुले मिळून तीन माणसांइतका आहार धरायचा. आहारशास्त्रज्ञ एक्रॉइड यांच्या मापाने माणशी २,७०० उष्मांक. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडे. आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने यात भर घातली. मुलांचे शिक्षण, आजारपण, सणवार आणि करमणूक, म्हातारपणाची आणि लग्नकार्याची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरायला हवेत, असे सांगितले. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या नोकरीतला किमान पगार १८,००० ठरवला, तो याच मार्गाने.

या मापात उणिवा आहेत. बाईचे पोट पुरुषापेक्षा लहान धरलेले आहे आणि म्हातारे आईवडील हिशेबातच नाहीत. तरीही त्यातली दृष्टी आजच्या आपल्या दृष्टीपेक्षा उदार आहे. माणसाला जगायला फक्त भाकरी लागत नाही. दिवाळीला नवे कपडे लागतात, मुलीच्या शाळेची फी लागते, आजारपणात हात पसरावा न लागण्याची खात्री लागते, याची जाण माप घालून देणाऱ्यांना होती. संविधानाचे ४३ वे कलम तर त्याहून पुढे जाते. निर्वाहापुरते वेतन, सभ्य राहणीमान आणि त्याबरोबर फुरसत व सांस्कृतिक जीवनाची संधी, हे सगळे कामकऱ्याला मिळावे, असे ते म्हणते. फुरसत हीसुद्धा पुरेशा जगण्याचा भाग आहे, हे संविधान लिहिणाऱ्यांना दिसले होते. सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घेणाऱ्याला ती कुठून मिळणार?

समाधानाची कपात शेवटी भरते कोण, हेही एकदा पाहायला हवे. तासिकेवरचा प्राध्यापक, हौशी म्हणून गणला जाणारा नट, भाषांतरकार, छोट्या नियतकालिकाचा संपादक यांच्या घरात डोकावले, तर बहुधा एक दुसरी मिळकत दिसते. बायको शिक्षिका आहे, नवरा बँकेत आहे, वडिलांचे पेन्शन आहे, गावाकडून धान्य येते. म्हणजे संस्था जो खर्च वाचवते, तो कुणाच्या तरी घरातून भरला जातो. ज्याच्या घरात अशी दुसरी मिळकत नाही, तो काय करतो? घराण्यातला पहिला पदवीधर, शेतमजुराचा मुलगा, विधवा आईने वाढवलेली मुलगी ही माणसे एक-दोन वर्षे धडपडतात आणि आवडीचे काम सोडून देतात. त्यांचे समाधान कमी होते म्हणून नव्हे, त्यांच्या घरात भरपाई करणारे कुणी नव्हते म्हणून. कपात सगळ्यांकडून सारखीच घेतली जाते, पण ती परवडते फक्त काहींना. अशाने वर्गात कोण शिकवणार, रंगमंचावर कोण उभे राहणार, पुस्तके कोण लिहिणार, हे घरची ऐपत ठरवते. मराठी समाजाचे हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ते खरे आहे आणि फार मोठे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भरपूर मिळकत आणि तुटपुंजे समाधान, असे आयुष्य हिंजवडीच्या आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत हजारो जण जगत आहेत. त्यांच्या बाबतीत पुरेशाची रेघ दर वाढीबरोबर वर सरकते. पगार वाढला की घराचा हप्ता वाढतो, मग गाडीचा, मग मुलांच्या शाळेचा. एके दिवशी काम नकोसे होते आणि लक्षात येते, की सोडण्याचे स्वातंत्र्य हप्त्यांत गेले. या लोकांचे दुःख खोटे नाही. पण ते आणि तासिकेवरच्या प्राध्यापकाचे दुःख एकाच तराजूत घालता येणार नाही. एकाला आपली रेघ खाली आणता येते. दुसरा त्या रेघेपर्यंत पोचलेलाच नाही.

म्हणून मिळकत, समाधान आणि पुरेसेपणा यांचा तोल साधायचा असेल, तर त्यांचा क्रम नीट लावला पाहिजे. आधी पोटापुरते, मग मनापुरते, मग वरकड. पहिल्याची जागा दुसरे घेऊ शकत नाही. वर्गातल्या मुलांचे डोळे चमकलेले पाहून होणारा आनंद अमोल आहे, पण किराणा दुकानदार तो घेत नाही. आणि पोटापुरते मिळाल्यानंतर मात्र वरकडीसाठी मनापुरते सोडून देऊ नये. आयुष्याचे दिवस मोजके असतात आणि त्यांतला मोठा भाग कामातच जातो.

पुरेसे मिळू लागले की सेवाभाव जातो, अशी भीती घातली जाते. वेतन आयोगाचा पगार घेऊन वर्ग न घेणारे प्राध्यापक दाखवले जातात. असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कामचुकारपणावरचा उपाय देखरेख हा आहे, उपासमार नव्हे. कामचुकार माणूस थोड्या पगारातही चुकारच राहतो. थोड्या पगाराने पळून जातो तो चांगला माणूस.

करायचे काय, हे अवघड नाही. जे काम वर्षानुवर्षे चालते ते कायमचे आहे, हे सरकारने मान्य करावे. त्याला वेतन म्हणावे आणि ते बारा महिने, ठरलेल्या तारखेला द्यावे. तासाचा दर ठरवताना तयारीचा आणि तपासणीचा वेळ धरावा. व्याख्यानाला, काव्यवाचनाला, परीक्षणाला बोलावणाऱ्या मंडळांनी रकमेचा आकडा निमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात लिहावा. पाहुण्याला तो विचारायला लावू नये. घरच्यांनी आवडीचे काम करणाऱ्या मुलाला ‘अजून कायम झाला नाहीस का’ असे विचारून खजील करू नये. त्याला कायम न करणाऱ्यांना तो प्रश्न विचारावा. आणि आवडीचे काम करणाऱ्यांनी पैशाविषयी बोलायला लाजू नये. आपल्याकडे पैसे मागणारा कलावंत किंवा शिक्षक हलका ठरतो, ही समजूत कपात करणाऱ्यांच्या फार सोयीची आहे. महिन्याच्या खर्चाचा आकडा कागदावर मांडून, तो समोर ठेवून, मान वर करून बोलावे. त्याने कामावरचे प्रेम कमी होत नाही. प्रेम टिकावे म्हणूनच ते बोलायचे असते.

पन्नास वर्षांपूर्वी या राज्याने आपल्या पगारदारांना सांगितले, की तुमच्या मिळकतीतले थोडे द्या, म्हणजे माळरानावर खडी फोडणाऱ्याला जगण्यापुरते मिळेल. पगारदारांनी ते दिले, अजून देत आहेत. ज्या राज्याला मजुराच्या भाकरीचा हिशेब असा मांडता आला, त्याला शिक्षकाचा, सेविकेचा आणि आशाचा हिशेब मांडता येणार नाही, हे पटण्यासारखे नाही. आज तासिकेवरच्या प्राध्यापकाच्या हाती बारा महिन्यांचे पगारपत्रक पडत नाही. ज्या वर्षी ते पडेल, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यातून ३०० रुपये कापले जातील. दुसऱ्या कुणाच्या तरी पोटापुरत्यासाठी त्याने दिलेला तो वाटा असेल, आणि त्याच्या समाधानातून मात्र कुणी काही कापलेले नसेल.